फोन कुणाशी बोलतो ते आम्हाला बघू द्या : नाशिकच्या पोलीस आयुक्तांना खुलं पत्र

प्रति,
मा. पोलीस आयुक्त,
नाशिक शहर.

महोदय,

अंबडच्या एका कारखान्यात मी चौदा वर्षं नेटवर्क सांभाळते. कामावर पोचले की आधी फायरवॉलचा लॉग उघडते आणि रात्रीतून कुठलं मशीन बाहेर कुणाशी बोललं ते वाचते. एखाद्या मशीनने नको त्या पत्त्यावर काही पाठवलं असेल तर सकाळी नऊपर्यंत मला कळलेलं असतं. त्याच कारखान्यात काम करणाऱ्या माणसांच्या खिशातला फोन दिवसभर कुणाशी काय बोलतो, हे कळायला त्यांच्याकडे मात्र काही मार्ग नाही. तो मार्ग शहरात करून द्यावा, एवढं मागायला हे पत्र लिहिते आहे.

गेल्या श्रावणात ओळखीतली एक जण माझ्याकडे आली. तिची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलून लिहिते. नवऱ्याशी पटेना म्हणून ती सिडकोत माहेरी राहायला आली होती. तरी त्याला सगळं कळत होतं. वकिलाकडे कधी गेली, पोराच्या शाळेत किती वेळ थांबली, भावाला काय लिहिलं. एकदा तर तिने भावाला केलेला मेसेज त्याने फोनवर तिला शब्दन् शब्द म्हणून दाखवला. घरच्यांना वाटायला लागलं की घरातलंच कुणीतरी त्याला बातम्या पुरवतंय. संशय वहिनीवर गेला. सासू-सुना एका घरात राहून एकमेकींशी बोलेनाशा झाल्या.

ती एका पोलीस ठाण्यात जाऊन आली. तिथे तिला सांगितलं, "फोन फॉरमॅट मारून घ्या, नंबर बदला, विषय संपला." मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात अँटीव्हायरस टाकून स्कॅन केलं, "ताई, क्लीन आहे" म्हणाले आणि तीनशे रुपये घेतले. मग कुणीतरी तिला माझं नाव सांगितलं.

रविवारी दुपारी ती घरी आली. तिच्या फोनवर मी काही टाकलं नाही, तो उघडूनही पाहिला नाही. माझ्याकडे रास्पबेरी पाय नावाचा तळहातावर मावणारा संगणक आहे. त्यावरून वायफाय सुरू केलं, तिला फोनचा मोबाइल डेटा बंद करायला लावला आणि फोन या वायफायला जोडला. आता फोनमधून जे बाहेर जाईल ते या डबीतून जाणार आणि लॅपटॉपवर त्याची एकेक ओळ उमटणार. फोन जेवणाच्या टेबलावर ठेवला, स्क्रीन बंद. आम्ही दोघी बघत बसलो.

सुरुवातीला ओळखीच्या ओळी आल्या. गूगलच्या नोटिफिकेशनचं ५२२८ नंबरचं पोर्ट, म्हणजे जोडणीचं दार, ते अँड्रॉइड फोनवर दिसतंच. व्हॉट्सॲप. फोन कंपनीचा अपडेट बघणारा सर्व्हर. हवामान. मग एका सर्व्हरचं नाव आलं जे मी कधी पाहिलेलं नव्हतं. त्याची नोंदणी काढून बघितली तर जेमतेम सहा महिन्यांपूर्वीची. पाच मिनिटांनी तेच नाव. पुन्हा पाच मिनिटांनी तेच. फोनला कुणी हात लावलेला नव्हता. मी तिला म्हटलं, "एक फोटो काढ बरं." समोर पोह्यांची बशी होती. तिने तिचा फोटो काढला आणि फोन परत ठेवला. वीसेक सेकंदांत त्याच नावाकडे तीनशे केबीच्या वर काहीतरी गेलं.

"कुणाला पाठवलास?"

"कुणालाच नाही, ताई."

मग भावाला साधा कॉल करायला सांगितला, दोन वाक्यं बोलून ठेवायचा. कॉल संपला आणि मिनिटभरात तिकडेच पुन्हा एक गठ्ठा गेला. तिने ओढणीच्या पदराने फोन झाकून टाकला. थोड्या वेळाने माझा फोन मागून घेतला आणि गॅलरीत गेली. वहिनीला फोन करून तिला माफी मागायची होती.

महोदय, या सगळ्याला दीड तास लागला. डबी पाच-सात हजारांत होते आणि त्यातली सॉफ्टवेअर फुकट मिळतात.

आज बँकेपासून व्हॉट्सॲपपर्यंत जवळपास सगळं कुलूपबंद जातं, मग या डबीला दिसतं काय, असा प्रश्न कुणालाही पडेल. पिंपळगावच्या बाजार समितीत कांद्याचा ट्रॅक्टर वजनकाट्यावर चढतो तेव्हा ताडपत्रीखालचा माल काट्यावाल्याला दिसत नाही. पण गाडी कुणाची, वजन किती, किती वाजता आली, हे सगळं पावतीवर येतं. डबीला दिसतं ते असंच. फोनने कुठल्या नावाचा पत्ता विचारला, जोडणी कुठल्या सर्व्हरशी झाली, किती बाइट गेले, किती आले, किती किती वेळाने. मजकूर दिसत नाही आणि तो दिसू नये हेच योग्य. साधारण माणसाच्या फोनवर येणं जास्त असतं आणि जाणं कमी, कारण आपण व्हिडिओ बघतो, फोटो उतरवून घेतो. फोटोंचा बॅकअप वगळता, रात्री दोन वाजता स्क्रीन बंद असताना जाणं जास्त दिसलं तर चौकशी सुरू करायला तेवढी पावती पुरते.

ही तपासणी फोनच्या बाहेरून होते, हा तिचा सर्वांत मोठा गुण. फोनवर एखादं तपासणीचं ॲप टाकलं तर पाळत ठेवणाऱ्याला ते कळू शकतं, कारण पाळतीची बरीच सॉफ्टवेअर फोनमधल्या ॲपची यादीसुद्धा त्याच्याकडे पाठवतात. पीसीएपीड्रॉइड नावाचं एक चांगलं ॲप आहे. फोन रूट न करता, म्हणजे त्याच्या आतल्या यंत्रणेचा पूर्ण ताबा न घेता, कुठलं ॲप कुठे बोलतं ते दाखवतं आणि मी स्वतः ते वापरते. पण मारहाण करणाऱ्या नवऱ्याच्या नजरेखालच्या बाईला मी ते टाकायला सांगणार नाही. तिच्या जिवाला धोका होऊ शकतो. तीच गोष्ट घाईने हेर-ॲप काढून टाकण्याची. ते काढल्याबरोबर पलीकडे बातम्या येणं थांबतं आणि त्याला समजतं की हिला कळलं. फॉरमॅट मारा, हा सल्ला म्हणून दोन्हीकडून घातक आहे. पुरावा जातो आणि माणूस बिथरतो.

ही कल्पना माझी नाही. कॅस्परस्की या अँटीव्हायरस कंपनीतल्या फेलिक्स एमे या संशोधकाने २०२० मध्ये टायनीचेक नावाचं साधन मोफत खुलं केलं. फ्रान्समधल्या एका महिला निवाऱ्यातल्या लोकांशी बोलताना ते सुचलं. तांत्रिक काही न कळणाऱ्या कार्यकर्तीलाही वापरता यावं म्हणून रास्पबेरी पायला टचस्क्रीन जोडायचा, त्यावर वायफायचं नाव आणि पासवर्ड दिसणार, आलेल्या बाईने फोन जोडायचा, थोडा वेळ तो वापरायचा आणि शेवटी स्क्रीनवर निकाल वाचायचा. पुढे त्याच माणसाने स्पायगार्ड या नावाने ते काम चालू ठेवलं. पायरोग हा त्याच जातीचा आणखी एक प्रकल्प आहे. निवाऱ्यातल्या बाईला जे वापरता यावं म्हणून बनवलं, ते आपल्या महिला हवालदारांना दोन दिवसांत शिकवता येईल.

फोन कंपन्यांनीही थोडं केलं आहे. आयफोनवर डिसेंबर २०२१ पासून ॲप प्रायव्हसी रिपोर्ट आहे. सेटिंगमध्ये जाऊन तो चालू केला की कुठलं ॲप गेल्या सात दिवसांत कुठल्या नावांशी बोललं ते दिसतं. अँड्रॉइड १२ पासूनचा प्रायव्हसी डॅशबोर्ड कॅमेरा, माइक, लोकेशन कुणी वापरलं ते दाखवतो, पण माहिती गेली कुठे, ते सांगत नाही. आपल्या जिल्ह्यात बहुतेकांच्या हातात अँड्रॉइडच आहे.

आता दुसरा प्रसंग, निफाडचा. माझ्या मामांना व्हॉट्सॲपवर आरटीओ चलानच्या नावाने एक एपीके फाइल, म्हणजे उघडली की फोनवर ॲप बसवणारी फाइल, आली. गावातल्याच माणसाच्या नंबरवरून आली होती, त्याचाही फोन आधीच चोरट्यांच्या ताब्यात गेलेला. मामांनी ती उघडली, एसएमएस वाचायची परवानगी मागितली ती दिली. दोन दिवसांनी कांद्याच्या पट्टीचे जमा झालेले पैसे खात्यातून गेले. ओटीपी कुणालाच सांगितला नाही, असं मामा देवाची शपथ घेऊन सांगत होते आणि ते खरंच बोलत होते. त्यांचा फोन डबीला जोडला आणि मी माझ्या फोनवरून त्यांना एक एसएमएस पाठवला, 'मामा, चाचणी' एवढाच. तो पोचला आणि दोन सेकंदांच्या आत फोनने एपीआय डॉट टेलिग्राम डॉट ओआरजी हे नाव विचारलं. हा पत्ता टेलिग्रामच्या बॉटसाठी, म्हणजे आपोआप चालणाऱ्या खात्यांसाठी, असतो. मामांच्या फोनवर टेलिग्राम नाहीच. आलेला प्रत्येक मेसेज तिऱ्हाइताच्या बॉटकडे पोचवला जात होता.

बाजूला बसलेल्या मामींना हे डोळ्यांनी दिसलं आणि 'तुम्हीच कुणाला तरी आकडा सांगितला असणार' हे घरातलं भांडण तिथे मिटलं. मला या तपासणीचं महत्त्व पैशाइतकंच इथेही वाटतं. फोन गुपचूप बोलतो आणि संशय माणसांवर येतो.

सिंहस्थ जवळ येतो आहे. निवासाच्या बुकिंगच्या नि दर्शन पासच्या नावाने अशा फाइली फिरवल्या जातील हे उघड आहे. त्याआधी ही सोय झाली तर फार बरं होईल.

हेर-ॲप विकणाऱ्यांबद्दल एक गोष्ट तुमच्या समुपदेशकांनी त्या नवऱ्यांनाही सांगायला हवी. 'मुलांवर लक्ष ठेवा' अशी जाहिरात करून ही ॲप विकली जातात आणि चोरलेला माल ज्या सर्व्हरवर ठेवतात तो बऱ्याचदा सताड उघडा असतो. २०२५ मध्ये कॅटवॉचफुल नावाच्या अशा ॲपचा सगळा साठा एका संशोधकाच्या हाती लागला. ६२ हजारांहून अधिक गिऱ्हाइकांचे ईमेल नि पासवर्ड त्यात होते आणि सुमारे २६ हजार फोनमधला डेटा. ज्या देशांत हे फोन जास्त होते त्यांत भारतही होता. म्हणजे बायकोचे फोटो नवऱ्याने चोरायचे आणि ते नवऱ्याच्याही हातून जगात जायचे. हे होऊ शकतं हे कळलं तर काही जण तरी हात आखडता घेतील.

या डबीच्या मर्यादाही मला माहीत आहेत आणि त्या लपवून काही मागायचं नाही. दीड तास फोन गप्प राहिला म्हणून तो स्वच्छ आहे असं सांगता येत नाही. काही ॲप माल साठवून ठेवतात आणि दिवसातून एकदाच पाठवतात. काही मोठ्या कंपन्यांच्या क्लाउडच्या आड लपतात, तिथे नाव ओळखीचंच दिसतं आणि नुसत्या नावावरून काही पकडता येत नाही. तेव्हा फोटो काढून, कॉल करून, मेसेज पाठवून त्यापाठोपाठ काही जातं का ते बघावं लागतं. पेगॅसस या इस्रायली हेर-सॉफ्टवेअरच्या तोडीचं हत्यार असेल तर ही डबी अपुरीच पडेल. तिथे फोनचा बॅकअप उघडून ॲम्नेस्टी या मानवी हक्क संस्थेच्या एमव्हीटीसारख्या साधनाने खुणा शोधाव्या लागतात, आणि तेही दर वेळी निर्णायक ठरत नाही. पेगॅसस प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या तांत्रिक समितीने २९ फोन तपासले. पाचांत घातक सॉफ्टवेअर सापडलं, पण ते पेगॅससच आहे असं म्हणता आलं नाही, हे २०२२ च्या ऑगस्टमध्ये न्यायालयात सांगितलं गेलं. माझ्याकडे येणाऱ्या माणसांचा शत्रू मात्र एवढा मोठा नसतो. तो नवरा असतो, दीर असतो, जुना प्रियकर असतो, कर्ज देणाऱ्या ॲपचा वसुलीवाला असतो. त्याची हत्यारं स्वस्तातली असतात आणि बहुतेक वेळा या साध्या डबीत सापडतात.

आता त्या बाईच्या फोनचं पुढे काय झालं ते सांगते, कारण माझी खरी तक्रार तिथे आहे. मी सगळी नोंद फाइलमध्ये जतन केली, फाइलची हॅश (फाइलमध्ये एक अक्षर बदललं तरी बदलणारा तिचा ठसा) काढली, वेळ लिहिली, दोघींच्या सह्या केल्या. कारखान्यात काही घडलं तर आम्ही हेच करतो. ती हे घेऊन वकिलांसोबत पुन्हा त्याच ठाण्यात गेली. 'हा कागद चालत नाही' एवढं उत्तर मिळालं. का चालत नाही ते कुणी सांगितलं नाही. फोन ताब्यात घ्या म्हटलं तर तोही घेतला नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये बाईच्या इंटरनेट, ईमेल किंवा इतर इलेक्ट्रॉनिक संपर्कावर नजर ठेवणं हा पाठलागाच्या गुन्ह्याचा भाग आहे. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या यंत्रात शिरण्याबद्दलची माहिती तंत्रज्ञान कायद्याची कलमं ४३ आणि ६६ आहेतच. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालच्या, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत जोडायच्या प्रमाणपत्रात तर हॅश लिहायला रीतसर जागा आहे. कायद्याने जे मागितलं ते ती हातात घेऊन उभी होती आणि समोर बसलेल्या माणसाला ते ओळखता आलं नाही. त्यात त्या हवालदाराचा दोष किती, हे मला खरंच सांगता येत नाही. त्याला कुणी शिकवलेलंच नसेल.

म्हणून माझं मागणं शिकवण्यापासून सुरू होतं. महाराष्ट्र पोलीस अकादमी आपल्याच शहरात त्र्यंबक रस्त्यावर आहे, राज्यभरातले उपनिरीक्षक तिथे घडतात. न्यायसहायक प्रयोगशाळेची प्रादेशिक शाखाही नाशिकमध्येच आहे. दोघांना एकत्र बसवून ठाण्यातल्या माणसासाठी दोन पानांची रीत ठरवा. कुणी 'माझ्यावर पाळत आहे' म्हणून आलं तर फॉरमॅट मारायला सांगायचं नाही, ॲप काढायला लावायचं नाही. फोन जोडून तासभर नोंद घ्यायची, फाइलची हॅश काढायची, आणि संशय खरा दिसला तर पंचनामा करून फोन प्रयोगशाळेकडे पाठवायचा. त्या बाईला त्या रात्री सुरक्षित कुठे राहता येईल हेही त्याच वेळी विचारायचं.

डबी कुठे ठेवावी, यावर मी बराच विचार केला. सायबर पोलीस ठाण्यात एक हवीच. पण मनापासून सांगते, आपला फोन पोलिसांच्या वायफायला जोडायला पुष्कळ लोक कचरतील. त्यांची ती भीती खोटी म्हणता येणार नाही. खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं २०१७ मध्ये नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं आणि माणसाचा फोन म्हणजे आज त्याचं निम्मं घर आहे. तेव्हा एक डबी सखी वन स्टॉप सेंटरमध्ये, म्हणजे अत्याचारग्रस्त स्त्रियांसाठीच्या सरकारी मदत केंद्रात, ठेवावी आणि एक पूर्णपणे पोलिसांच्या बाहेर, लोक सहज आत जातात अशा जागी. मला सार्वजनिक वाचनालय सुचतं. १८४० पासून ही संस्था नाशिककरांची आहे. तिथे पेपर वाचायला गेलेल्या बाईकडे कुणी वळून बघत नाही. नियम कडक असावेत. फोन ज्याचा, तोच जोडणार. बायकोचा फोन नवरा घेऊन आला, मुलीचा बाप घेऊन आला, तर परत पाठवायचं. कुलूप फोडून मजकूर बघायचा प्रयत्न करायचा नाही. निकालाचा कागद फक्त त्या माणसाच्या हातात द्यायचा आणि त्याने तक्रार करायची ठरवली नाही तर त्याच्या समोर नोंद पुसायची.

शहरात अभियांत्रिकी नि तंत्रनिकेतनाची मुलं हजारोंनी आहेत. वायरशार्क हे नेटवर्कवरची ये-जा बघायचं सॉफ्टवेअर ती वर्गात शिकतात, पण परीक्षेपुरतीच. त्यांना शनिवार-रविवारी या कामाला बसवता येईल, अट एवढीच की आधी तोंड बंद ठेवायला शिकवा.

माझ्याकडच्या दोन डबींपैकी एक मी देऊन टाकायला तयार आहे. ती कशी चालते ते दाखवायला कुठल्याही रविवारी येईन, पैसे नकोत. माझं नाव आणि नंबर आपल्या कार्यालयात दिलेल्या प्रतीवर लिहिला आहे.

तिचा तो फोन अजून तिच्या कपाटात आहे, बंद करून, वर्तमानपत्रात गुंडाळून, वरच्या फळीवर. महिन्यातून एकदा ती मला विचारते, "ताई, टाकून देऊ का आता?" मी नको म्हणते. पण बंद फोनची बॅटरीही कधी ना कधी फुगते. त्याआधी आपल्या एखाद्या अधिकाऱ्याने तो रीतसर पावती देऊन ताब्यात घ्यावा, ही विनंती.

आपली,
अंबडच्या कारखान्यातली एक नेटवर्क कर्मचारी